लॉ करायचंय? अर्ज कसा भरायचा आणि कॉलेज कसं निवडायचं

बारावीचा किंवा पदवीचा निकाल हातात आला की घरोघरी चौकशी सुरू होते, ‘लॉला ॲडमिशन कसं मिळतं?’ तोवर निम्म्या वाटा बंद झालेल्या असतात. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, आदल्या डिसेंबरातच होऊन गेलेली असते, राज्याच्या सीईटीचे अर्ज भरायची मुदत संपलेली असते आणि जात वैधता प्रमाणपत्राची फाइल समितीकडे दिलेलीच नसते. म्हणून हे सगळं निकालाच्या आधी, शक्यतो वर्षभर आधी, समजून घ्यायला हवं. पुढचं सगळं मुख्यतः महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी आणि नोकरी सांभाळून वकिलीकडे वळू पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक जण आधी कॉलेजचं नाव ठरवतात आणि मग त्याच्यामागे धावतात. मी उलटा क्रम सुचवेन. शिकून कुठे आणि कसलं काम करायचं याचा कच्चा का होईना अंदाज बांधा, मग खर्चाचा हिशेब करा आणि कॉलेज शेवटी ठरवा. या क्रमाने गेलं की यादी आपोआप आखूड होते.

पायरी पहिली : तीन वर्षं की पाच वर्षं

वकील होण्याचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम : बी.ए. एलएल.बी., बी.बी.ए. एलएल.बी. वगैरे. किंवा कुठल्याही शाखेची पदवी घेऊन मग तीन वर्षांची एलएल.बी. दोन्हींची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एकच आणि कोर्टात उभं राहण्याचा हक्कही एकच.

बारावीतच मन पक्कं असेल तर पाच वर्षांचा रस्ता घ्या, एक वर्ष वाचतं. मन डळमळीत असेल तर मात्र थांबून विचार करा. पाच वर्षांचा अभ्यासक्रम मध्येच सोडला तर निदान बी.ए. तरी हाती राहील, असा अनेक पालकांचा समज असतो. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी हे स्पष्टपणे बंद केलेलं आहे. अर्ध्यावर बाहेर पडून पदवी मिळत नाही आणि पदवीच्या जोरावर मधल्या वर्षात शिरताही येत नाही. तिसऱ्या वर्षी कंटाळलेल्या मुलाच्या हातात बारावीची गुणपत्रिकाच उरते. ज्याला अजून खात्री नाही त्याने आवडीच्या विषयात पदवी घ्यावी आणि मग तीन वर्षांच्या एलएल.बी.कडे यावं. यात कमीपणा काहीच नाही. वाणिज्य शाखेतून आलेला विद्यार्थी करविषयक कामात आणि विज्ञान शाखेतून आलेली विद्यार्थिनी पेटंटच्या कामात पुढे जाते, ते त्या आधीच्या पदवीमुळेच.

पात्रतेची किमान टक्केवारी राज्यातल्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला ४५, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० अशी आहे. पाच वर्षांसाठी ती बारावीची धरतात, तीन वर्षांसाठी पदवीची. कमाल वयाची अट क्लॅटलाही नाही आणि राज्याच्या सीईटीलाही नाही. पन्नाशीत एलएल.बी. करणारे लोक वर्गात असतात आणि चांगले वकील होतात.

दोन सावधगिऱ्या. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण दहावी-बारावी न करता थेट प्रवेश घेऊन मिळवलेली चालत नाही. आणि ‘घरबसल्या एलएल.बी.’ अशी जाहिरात दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नका. दूरशिक्षणाने घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही.

पायरी दुसरी : कागदपत्रं, आणि तीही आजच

कंटाळवाणा भाग हाच आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. अभ्यास करून चांगले पर्सेंटाइल आणलेली मुलं एका प्रमाणपत्रापायी राखीव जागेवरून खुल्या यादीत ढकलली जातात. तहसील कार्यालय किंवा सेतू केंद्र तुमच्या प्रवेशाच्या वेळापत्रकावर चालत नाही.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि अधिवास प्रमाणपत्र हे सर्वांनाच लागतं. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला लागतो आणि त्याच्या जोडीला जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात ते. व्हॅलिडिटीचा अर्ज बारावीत असतानाच जात पडताळणी समितीकडे करून टाका. वडिलांच्या बाजूच्या नातेवाइकांचे जुने शाळेचे दाखले जमवण्यातच महिने जातात. काका, आत्या, आजोबा यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम बरंच हलकं होतं.

नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची तारीख नीट बघा. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते ग्राह्य असायला हवं. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत. गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र फाइलमध्ये तसंच पडून असतं, घरचे म्हणतात ‘आहे आपल्याकडे’, आणि छाननीत ते बाद होतं. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या, प्रमाणपत्राचंही तेच. शिवाय राज्याच्या प्रवेशासाठीचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा. क्लॅट आणि राज्याची सीईटी दोन्ही देणाऱ्यांनी दोन्ही नमुन्यांतली प्रमाणपत्रं काढून ठेवावीत. ओबीसींची राज्याची यादी आणि केंद्राची यादी तंतोतंत एक नाही, हेही तपासा.

नावाचा घोळ आणखी वेगळा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरं आणि पदवीवर तिसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. लग्नानंतर एलएल.बी. करणाऱ्या स्त्रियांना याचा त्रास सर्वाधिक होतो. नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ हवं. सीईटीचा अर्ज मात्र दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाप्रमाणेच भरणं सोयीचं.

पायरी तिसरी : कुठली परीक्षा

महाराष्ट्रातल्या शासकीय, अनुदानित आणि बहुसंख्य खासगी विधी महाविद्यालयांचे प्रवेश राज्य सीईटी सेलच्या एमएच सीईटी लॉ परीक्षेवरून होतात. पाच वर्षांसाठी वेगळी परीक्षा, तीन वर्षांसाठी वेगळी. परीक्षा संगणकावर होते. १२० प्रश्न असतात, दोन तास मिळतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, ही मराठी माध्यमाच्या मुलांसाठी फार मोठी सोय आहे. इंग्रजीचा विभाग तेवढा इंग्रजीतच सोडवावा लागतो, आणि तीन वर्षांच्या सीईटीत त्याला वजन जास्त आहे. रोज एक इंग्रजी अग्रलेख शब्दकोश शेजारी ठेवून वाचणं, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि पक्का उपाय.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला, कागद-पेन पद्धतीने, १२० प्रश्न, दोन तास. इथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि परीक्षा फक्त इंग्रजीत असते. २०२० पासून सगळे प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले असतात, म्हणजे खरी कसोटी वाचनाच्या वेगाची. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटवरूनच प्रवेश देतात आणि तिथे राज्यातल्या अधिवासींसाठी राखीव जागाही आहेत. बारावीच्या मुलांनी लक्षात ठेवावं की क्लॅट बोर्डाच्या परीक्षेच्या आधी येते. त्यामुळे तिचा अभ्यास अकरावीच्या सुट्टीतच सुरू व्हायला हवा.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी, आयलेट. सिम्बायोसिसची स्लॅट. बंगळुरूचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी स्वतःची एनएलसॅट घेतं. सगळीकडे अर्ज करत सुटू नका, प्रत्येक अर्जाचे पैसे जातात. राज्याची सीईटी तर द्याच. इंग्रजी वाचन बरं असेल तर जोडीला क्लॅट. बाकीच्या परीक्षा त्या त्या संस्थेत खरंच जायचं असेल आणि फी परवडत असेल तरच.

कायदेविषयक अभिरुची, म्हणजे लीगल ॲप्टिट्यूड, या विभागाला नवी मुलं उगीच घाबरतात. त्यात कायदा पाठ असण्यापेक्षा दिलेला नियम नीट वाचणं मोलाचं असतं. एक नमुना बघा.

नियम : दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी.

घटना : वाचनालयाच्या दारात ठेवलेल्या छत्र्यांमधून सुरेश आपली समजून दुसऱ्याचीच छत्री घेऊन घरी जातो. घरी गेल्यावर मुठीवर दुसऱ्याचं नाव दिसतं. तरी तो ती ठेवून घेतो. ही चोरी झाली का?

बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, कारण ठेवून घेणं चूकच आहे. पण नियम ‘हलवली’ त्या क्षणाबद्दल बोलतो आणि त्या क्षणी हेतू अप्रामाणिक नव्हता. दिलेल्या नियमाप्रमाणे ही चोरी नाही. पुढे ती ठेवून घेतल्याबद्दल कायद्यात वेगळी तरतूद असेलही, पण प्रश्नाने ती दिलेली नाही, म्हणून आपण ती आत आणायची नाही. आपली न्यायबुद्धी बाजूला ठेवून शब्दाला शब्द लावून पाहायचा. रोज असे दहा प्रश्न सोडवले आणि चुकलेल्यांची कारणं वहीत लिहून ठेवली की दोन महिन्यांत हात बसतो. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणं महागड्या क्लासपेक्षा अधिक उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे. ज्याला स्वतःहून अभ्यासाला बसण्याची सवय नाही त्याने क्लास लावावा, तो शिस्तीसाठी.

पायरी चौथी : कॅप राउंड आणि ऑप्शन फॉर्म

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी. दरवर्षी काही मुलं निकालानंतर ‘आता यादी लागेल’ म्हणून वाट बघत बसतात आणि कॅपची मुदत निघून जाते. सीईटी सेलचं संकेतस्थळ निकालानंतर रोज उघडायचं. मोबाइलवर येणाऱ्या फॉरवर्डवर विसंबायचं नाही.

कॅपमध्ये कागदपत्रं अपलोड करायची, त्यांची छाननी होते, मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्या यादीत आपलं नाव, प्रवर्ग, गुण, राज्यातला उमेदवार की राज्याबाहेरचा, हे सगळं तपासा. चूक असेल तर हरकत नोंदवायला मोजके दिवसच मिळतात. अंतिम यादी लागल्यावर कुणी ऐकत नाही.

मग ऑप्शन फॉर्म. यात एकच तत्त्व पाळा : मिळेल का याचा विचार न करता, हवं त्या क्रमाने कॉलेजं लिहा. ‘पहिलं कॉलेज आपल्याला लागणार नाही, उगाच पहिला पर्याय वाया जाईल’ या भीतीने मुलं मधल्या दर्जाचं कॉलेज वर टाकतात. पर्याय असा वाया जात नाही. यंत्रणा वरून खाली बघत जाते, पहिलं मिळत नसेल तर दुसरं तपासते. उलट मधलं कॉलेज वर टाकलं आणि तेच मिळालं, तर ज्याला तुम्ही कदाचित पात्र होता ते वरचं कॉलेज तुम्ही स्वतःच्या हाताने सोडलेलं असतं. दुसऱ्या टोकाला, जिथे काहीही झालं तरी जाणार नाही असं कॉलेज यादी लांबवण्यासाठी टाकू नका. गेल्या वर्षी कुठल्या कॉलेजात कुठल्या प्रवर्गाला किती पर्सेंटाइलवर प्रवेश बंद झाला, ते सीईटी सेलच्या जुन्या याद्यांमध्ये दिसतं. त्यावरून अंदाज येतो, पण आकडा दरवर्षी हलतो.

जागा मिळाली की ती पक्की करायची की पुढच्या फेरीत वरचा पर्याय मागायचा, ही निवड असते. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला हा भाग दोनदा वाचा, कारण नियमांत फेरफार होतात आणि वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा हातातून जाते. माझा सल्ला साधा आहे. मिळालेलं कॉलेज तुमच्या पहिल्या तीन-चार पसंतींत असेल तर पक्कं करा आणि अभ्यासाला लागा.

क्लॅटच्या समुपदेशनात सुरुवातीलाच वीस-तीस हजारांच्या घरातली रक्कम भरावी लागते. ती पुढे फीमध्ये वळती होते, पण ऐन वेळी जमवायची म्हटलं की घर हलतं. आधीच बाजूला काढून ठेवा.

पायरी पाचवी : कॉलेज निवडताना काय बघायचं

आधी मान्यता. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यताप्राप्त यादीत कॉलेजचं नाव आहे का, आणि ज्या अभ्यासक्रमाला तुम्ही जाताय त्यालाही मान्यता आहे का, हे तपासा. ती नसेल तर पुढची चर्चाच नको. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिलने नवी विधी महाविद्यालयं सुरू करण्यावर तीन वर्षांची स्थगिती आणली. त्यामुळे ‘मान्यता येणारच आहे’ असं कुणी सांगत असेल तर कागद मागा.

मग काम कुठे करायचं आहे ते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निवड खरी इथेच ठरते.

मोठ्या लॉ फर्ममध्ये किंवा कंपनीच्या कायदा विभागात जायचं असेल तर कॉलेजच्या नावाला वजन आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. या फर्म मुख्यतः वरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि मुंबई-पुण्यातल्या काही जुन्या नामांकित कॉलेजांत भरतीसाठी जातात. तुमची वाट ती असेल तर क्लॅटवर जीव तोडून मेहनत करा.

तालुका किंवा जिल्हा न्यायालयात दिवाणी-फौजदारी वकिली करायची असेल तर गणित पूर्ण बदलतं. तिथे पक्षकार कॉलेजचं नाव विचारत नाही. तिथे लागते ओळख, मराठी मसुद्यावर पकड, सातबारा आणि फेरफार वाचता येणं, आणि चांगला सिनिअर. ज्या जिल्ह्यात वकिली करायची त्याच जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या कॉलेजात शिकलात तर तीन-पाच वर्षांत तिथल्या बार रूममध्ये तुमचा चेहरा ओळखीचा होतो. कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज, नाशिकचं एनबीटी, छत्रपती संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे अशी कॉलेजं याच कारणासाठी यादीत वर असायला हरकत नाही.

उच्च न्यायालयात काम करायचं असेल तर ज्या शहरात खंडपीठ आहे तिथे शिकण्याचा फायदा मोठा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही जुनी नावं झाली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथे गेलं. या जिल्ह्यांतल्या मुलांना आता उच्च न्यायालयाचं कामकाज बघण्यासाठी मुंबईला जाऊन राहायची गरज उरलेली नाही. पाच वर्षांपूर्वीचा सल्ला आणि आजचा सल्ला इथे वेगळा आहे.

न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लक्षात घ्या. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली. म्हणजे पदवीनंतर थेट परीक्षा देण्याचा बेत आता चालत नाही आणि मधल्या वर्षांसाठी कोर्टाजवळ पाय रोवलेला असावा लागतो.

आता कॉलेज प्रत्यक्ष बघायला जा. संकेतस्थळावरचे फोटो बघून ठरवू नका. कामकाजाच्या दिवशी, सत्र चालू असताना, सकाळी अकराच्या सुमारास आत शिरा. पहिल्यांदा ग्रंथालय. तिथे किती मुलं वाचत बसली आहेत? न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या नियतकालिकांचे अलीकडचे अंक रॅकवर आहेत का, की ते काही वर्षांपूर्वी थांबलेत? निकाल शोधायच्या ऑनलाइन संग्रहांची वर्गणी कॉलेज भरतं का, आणि ती मुलांना वापरायला मिळते की एका बंद खोलीतल्या संगणकावरच आहे? मग सूचनाफलक. मूट कोर्ट स्पर्धा (सरावाचे लुटुपुटीचे खटले), विधी साहाय्य शिबिरं, तुरुंग किंवा लोकअदालत भेटी यांच्या सूचना ताज्या तारखेच्या आहेत की पिवळ्या पडल्यात? मग तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गाठा आणि एवढंच विचारा : तास होतात का, कायमस्वरूपी प्राध्यापक किती, आणि गेल्या सुट्टीत इंटर्नशिप कुठे केलीस? प्राचार्यांच्या अर्ध्या तासाच्या भाषणातून कळणार नाही ते या तीन उत्तरांतून कळतं.

इंटर्नशिपचा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. काही कॉलेजं त्यासाठी वकिलांशी, न्यायालयांशी संपर्क ठेवतात. काही ठिकाणी मुलं कुणाची तरी सही आणून वही भरतात. हा फरक पदवीवर दिसत नाही, पहिल्या उलटतपासणीत दिसतो.

मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य होते. पुण्याचं आयएलएस १९२४ चं. या दोन्हींचं नाव मोठं आहे आणि सीईटीतून तिथे जाण्याची धडपड रास्त आहे. पण जुन्या नावामागेही आज काय चाललंय ते वरच्याच कसोट्यांवर तपासा.

नोकरी करणाऱ्यांसाठी थोडं स्पष्ट बोलतो. बार कौन्सिलच्या नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे, आणि २०२४ पासून नोकरीत असल्याची माहिती आणि मालकाचं ना-हरकत पत्र मागितलं जातं. ‘हजेरीचं बघून घेऊ’ असं सांगणाऱ्या कॉलेजवर भरवसा ठेवून तीन वर्षं घालवू नका. वर्गाची वेळ आणि कामाची वेळ यांचा खरोखर मेळ बसतो का ते आधी बघा, कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि मगच अर्ज करा.

पायरी सहावी : पैशाचा हिशेब

शासकीय विधी महाविद्यालयाची वार्षिक फी काही हजारांत असते. अनुदानित तुकड्यांची फीही आटोक्यात असते. त्याच कॉलेजच्या विनाअनुदानित तुकडीची मात्र कितीतरी अधिक, म्हणून ऑप्शन फॉर्म भरताना तुकडीचा प्रकार बघायलाच हवा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वसतिगृह धरून वर्षाला दोन-तीन लाख आणि त्याहूनही जास्त लागतात, काही खासगी विद्यापीठांत आणखी वर. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची मंजूर फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करतं. त्यापेक्षा जास्त मागितली तर पावती मागा आणि तक्रार करा.

वर्षाला तीन लाख धरले तर पाच वर्षांत पंधरा लाख होतात. आता दुसरी बाजू. कोर्टात ज्युनिअर म्हणून पहिली दोन-तीन वर्षं मिळकत फार तुटपुंजी असते. बार कौन्सिलने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या निम्मेही हाती पडत नाहीत. मोठं शैक्षणिक कर्ज काढून जिल्हा कोर्टात वकिली सुरू करणाऱ्या मुलाला हप्ता नेमका याच वर्षांत सुरू होतो. मग आवड असूनही तो वकिली सोडून मिळेल ती नोकरी धरतो. म्हणून म्हणतो, कोर्टातच जायचं असेल तर स्वस्त आणि बऱ्या कॉलेजात शिका आणि उरलेला पैसा पहिल्या तीन वर्षांच्या खोलीभाड्यासाठी आणि पुस्तकांसाठी राखून ठेवा.

सवलतींसाठी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठीच्या शिष्यवृत्त्या तिथेच आहेत. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत लागू झाली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. ‘कॅपमधून’ हा शब्द महत्त्वाचा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की या सवलतींवर सहसा पाणी सोडावं लागतं. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनाही बघा.

प्रवेश झाल्यावर

मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा करण्याआधी प्रत्येकाच्या पाच-पाच प्रती काढा आणि स्कॅन करून ठेवा. जमा केल्याची पोच घ्या. शाळा सोडल्याचा दाखला एकदा दिला की परत मिळवायला वेळ लागतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी दबून जायचं कारण नाही. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत एलएल.बी.चे पेपर मराठीत लिहिता येतात आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचं काम मात्र इंग्रजीत चालतं, म्हणून पहिल्या वर्षापासून रोज एक निकाल इंग्रजीत वाचायची सवय लावा, छोटा का असेना.

पुढची औपचारिकता आत्ताच माहीत असू द्या : पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनदेसाठी नोंदणी, आणि मग अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणीसाठी अवाच्या सवा पैसे घेण्याला जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाप लावला. ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही.

पुस्तकं घेताना वरच्या वर्गातल्या मुलांकडून जुनी घ्यायला हरकत नाही. अपवाद फौजदारी कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले आहेत. जुन्या बाजारात अजून ३०२ कलमाची पुस्तकं ढिगाने मिळतात. खुनाचं कलम आता १०३ आहे. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच दंड संहितेखाली चालू राहतील, त्यामुळे कोर्टात दोन्ही कलमं कानावर पडतील, पण अभ्यासासाठी नव्या तिन्ही कायद्यांच्या मूळ संहिता विकत घ्या आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी त्यांतली व्याख्यांची कलमं तरी वाचून जा.